पऱ्हे काढताना

जुलैमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने जा, लाखनीहून साकोलीकडे किंवा पवनीहून लाखांदूरकडे, दोन्ही अंगांच्या बांध्यांमध्ये एकच काम चाललेलं दिसतं. रोवणी. जूनमध्ये एका कोपऱ्यात टाकलेले धानाचे पऱ्हे तीन-चार आठवड्यांत वीतभर वाढलेले असतात. ते मुठीमुठीने उपटायचे, मुळांचा चिखल पाण्यात खळबळून काढायचा, जुड्या बांधायच्या आणि दुसऱ्या, चिखल केलेल्या बांधीत नेऊन बोटाने रोवायचे. उपटलेलं रोप पहिले काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. आठवड्याभराने ते उभं राहिलं, पात हिरवी झाली, की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मुळं लागली.

या कामात तीन टप्पे आहेत आणि तिन्हींत रोप मरू शकतं. उपटताना मूळ तुटलं तर मरतं. जुडी धुऱ्यावर उन्हात राहिली तर मरतं. नव्या चिखलात धरलं नाही तर मरतं. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाबद्दल, पण हे तीन टप्पे मनात ठेवूनच. हा रोग माणसाचा जीव बहुतेक वेळा आतड्यातल्या मूळ गाठीने घेत नाही. ती गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. जीव जातो तो तिथून सुटून यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन रुजलेल्या पेशींमुळे. सुटणं, वाहणं आणि पुन्हा धरणं या तिन्ही गोष्टी ज्यांच्या हातात असतात, ते म्हणजे पेशींना पेशींशी आणि पेशींना खालच्या बैठकीशी चिकटवून ठेवणारे रेणू. त्यांना आपण आसंजक रेणू म्हणू. शब्द जड आहे, काम साधं आहे: धरून ठेवणं.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. एका बाजूला मळ आणि अब्जावधी जीवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मधे एवढा एकच थर. शिवाय तो कायमचा नाही. अस्तरात बारीक विहिरींसारखे खळगे असतात. त्यांच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, भिंतीवरून वर सरकत येतात आणि चार-पाच दिवसांत वरच्या काठाशी येऊन गळून पडतात. म्हणजे भिंतीतली प्रत्येक वीट चालते आहे, तरी भिंत गळत नाही. मला शरीरातल्या सगळ्या नवलांमध्ये हे नवल फार मोठं वाटतं.

ते कसं साधतं हे भंडाऱ्यातल्या पितळेच्या कारागिराला पटकन समजेल. भांड्याचे दोन भाग झाळून जोडले की तिथून पाणी पाझरत नाही. दोन पेशींच्या सर्वांत वरच्या कडेला अशीच एक झाळ असते, तिच्यातून आतड्यातलं काही खाली झिरपत नाही. तिच्या खाली पेशीभोवती कमरपट्ट्यासारखा एक जोड असतो. आणि पातेल्याचा कान पक्का करायला जसे रिव्हेट ठोकतात, तसे पेशींच्या अंगावर ठिकठिकाणी ठिपके असतात, त्यांना डेस्मोसोम म्हणतात. ताण आला, आतडं ताणलं-आवळलं, की हे रिव्हेट तो ताण झेलतात.

कमरपट्ट्यातला मुख्य रेणू म्हणजे ई-कॅडहेरिन. तो सापडला त्यामागे एक अडचण होती. मासातोशी ताकेइची हे जपानी जीवशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात क्योतोहून अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत कामाला गेले. पेशी एकमेकींपासून सुट्या करायला ट्रिप्सिन हे विकर वापरतात. क्योतोत ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटत. बाल्टिमोरमध्ये तसंच केलं, तर चिकटेनात. पेशी त्याच प्रकारच्या, हात तेच. शोध घेतल्यावर कळलं की बाल्टिमोरच्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारं एक रसायन मिसळलेलं होतं. कॅल्शियम असेल तर चिकटवणाऱ्या प्रथिनाला ट्रिप्सिन हात लावू शकत नाही. कॅल्शियम काढून घेतलं की ते प्रथिन उघडं पडतं आणि चिरलं जातं. कॅल्शियमच्या आधाराने धरणाऱ्या या रेणूंना पुढे कॅडहेरिन हे नाव मिळालं. दुसरा कोणी असता तर नवी बाटली मागवून मोकळा झाला असता. ताकेइचींनी बाटलीतल्या फरकालाच प्रश्न विचारला.

ई-कॅडहेरिनचं एक टोक पेशीच्या बाहेर असतं आणि ते शेजारणीच्या ई-कॅडहेरिनमध्ये अडकतं. दुसरं टोक पेशीच्या आत असतं, आणि आतड्याच्या कर्करोगाची खरी कथा या आतल्या टोकाशी सुरू होते. तिथे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन त्याला धरून बसतं आणि पुढे पेशीच्या सांगाड्याशी जोडून देतं. कॅटेनिन हे नाव साखळीसाठीच्या लॅटिन शब्दावरून ठेवलेलं आहे. पण या कडीला दुसरंही एक काम आहे. ती मोकळी सुटली आणि केंद्रकात जाऊन पोहोचली तर वाढीचे हुकूम देणारी जनुकं चालू करते. एकच माणूस रात्री दाराची कडी धरून बसतो आणि दिवसा गावाला दवंडी देतो, असं काहीसं. म्हणून निरोगी पेशी मोकळ्या बीटा-कॅटेनिनला फार वेळ फिरू देत नाही. त्याला पकडून नष्ट करायला एक मंडळ असतं आणि त्या मंडळाचा आधारस्तंभ म्हणजे एपीसी हे प्रथिन.

एपीसीचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. ज्या घराण्यांत विशीच्या आतच आतड्यात शेकडो मोड, म्हणजे पॉलिप, येऊ लागतात, त्या घराण्यांतून ते शोधलं गेलं. नंतर दिसलं की घराण्यात काही नसलेल्या रुग्णांमध्येही, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाच्या दहापैकी साधारण आठ गाठींमध्ये, हेच जनुक बिघडलेलं असतं. एपीसी प्रथिन बीटा-कॅटेनिनला धरतं, हे १९९३ मध्ये कळलं, आणि चित्र जुळलं. एपीसी मोडलं की बीटा-कॅटेनिन साचतं, केंद्रकात शिरतं, आणि खळग्याच्या तळाशी थांबायला हवी असलेली वाढ वरपर्यंत चालूच राहते. एक मोड येतो. त्यातून गाठ व्हायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. ही वर्षं आपल्या हातातली आहेत. दुर्बिणीने आतडं तपासून मोड काढून टाकता येतो, तो याच काळात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पोटाच्या, म्हणजे जठराच्या, एका आनुवंशिक कर्करोगात ई-कॅडहेरिनचं जनुकच बिघडलेलं असतं; न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात १९९८ मध्ये ते दाखवलं गेलं. आतड्याच्या कर्करोगात तसं क्वचितच होतं. जनुक शाबूत असतं, पण गाठीच्या कडेला, जिथे पेशी भोवतालच्या मांसात घुसत असतात, तिथे ई-कॅडहेरिन कमी झालेलं किंवा जागा सोडून पेशीच्या आत गेलेलं दिसतं. त्याच कडेच्या पेशींच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन भरलेलं असतं. गाठीच्या मधल्या भागात मात्र पेशी अजून एकमेकींना धरून, खळग्यांसारख्या रचना करून बसलेल्या असतात. पऱ्ह्यांच्या वाफ्यासारखंच. उपटणं एका कडेपासून सुरू होतं.

आता खारघरला येऊ. टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था, अॅक्ट्रेक, नवी मुंबईत खारघरला आहे. तिथे सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने कमरपट्टा सोडून रिव्हेटांकडे लक्ष दिलं. डेस्मोसोमच्या आतल्या बाजूला प्लॅकोफिलिन ३ नावाचं एक प्रथिन असतं. ते डेस्मोसोमच्या जवळजवळ सगळ्या घटकांना बांधून ठेवतं. एचसीटी ११६ या नावाने जगभर वापरल्या जाणाऱ्या, माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी त्यांनी घेतल्या आणि त्यांतलं हे एकच प्रथिन कमी केलं. बाकी काही बदललं नाही. तरी डेस्मोसोम आकाराने लहान झाले, पेशींची एकमेकींवरची पकड ढिली पडली, त्या जास्त वेगाने सरकू लागल्या. उंदरांमध्ये अशा पेशींच्या गाठी लवकर वाढल्या आणि रोग फुप्फुसापर्यंत पसरला. २००८ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

प्रयोगशाळा तिथे थांबली नाही. एक रिव्हेट काढल्याने पेशी नुसती ढिली झाली की तिचा स्वभावच बदलला, हा पुढचा प्रश्न होता. उत्तर असं आलं की प्लॅकोफिलिन ३ गेल्यावर पीआरएल ३ नावाच्या विकराचं प्रमाण वाढतं आणि पेशीच्या आतला केराटिनचा सांगाडा बदलतो. हे पीआरएल ३ आधीच माहीत होतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बर्ट वोगलस्टाइन यांच्या गटाने आतड्यातून दुसरीकडे पसरलेल्या १८ गाठी तपासल्या होत्या आणि अठराच्या अठरा गाठींत ते भरपूर होतं. खारघरच्या पेशींत आणखी एक प्रथिन वाढलेलं सापडलं, लिपोकॅलिन २. ते लोह बांधणाऱ्या रेणूंना पकडतं. ज्या पेशीत ते जास्त असतं तिच्यात मोकळं लोह कमी राहतं, त्यामुळे लोहाच्या आधाराने होणारा एक विशिष्ट पेशीमृत्यू टळतो, आणि फ्लुओरोयुरासिल हे आतड्याच्या कर्करोगाचं नेहमीचं औषध त्या पेशीवर नीट चालत नाही. २०२१ मध्ये याच प्रयोगशाळेने दाखवलं की लिपोकॅलिन २ ला प्रतिपिंडाने अडवलं तर औषधाला होणारा हा विरोध कमी होतो. जोडाचा एक खिळा निघतो आणि त्याचा धागा थेट औषध लागू पडतं की नाही इथपर्यंत पोहोचतो. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण ते आपल्याच राज्यातल्या बाकांवर, वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाला धरून झालं आहे.

पण नुसतं सुटून भागत नाही. शरीरात सुटलेल्या पेशीला जगायची परवानगी नसते. आपल्या बैठकीवरून निघालेली पेशी काही तासांत स्वतःला मारून घेते. या मरणाला अनोइकिस म्हणतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बेघर होणं असा आहे. आतड्याच्या काठावरून रोज गळणाऱ्या पेशी अशाच संपतात. कर्करोगाच्या पेशीला या मरणातून वाटा काढाव्या लागतात, आणि तिच्या मदतीला येणाऱ्यांपैकी एक रेणू असा आहे की ज्याचं नाव भंडारा-तुमसरच्या साध्या लॅबच्या कागदावरही छापलेलं असतं: सीईए.

सीईए १९६५ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना सापडला. आतड्याच्या कर्करोगात आणि गर्भाच्या आतड्यात तो दिसला, म्हणून नावात कर्करोग आणि गर्भ दोन्ही आले. पुढची बरीच वर्षं त्याच्याकडे नुसती खूण म्हणून पाहिलं गेलं. तो करतो काय हे १९८९ मध्ये स्पष्ट झालं: तो पेशींना पेशींशी चिकटवतो. म्हणजे रक्ततपासणीत आपण मोजतो तो एक आसंजक रेणूच आहे. निरोगी आतड्यात तो पेशीच्या फक्त वरच्या, पोकळीकडच्या अंगावर असतो आणि मळाबरोबर निघून जातो. कर्करोगात पेशीचं वर-खाली असं भान हरवतं. सीईए चारी अंगांवर येतो आणि रक्तात उतरतो. भरपूर असला की तो पेशीला प्रौढ होऊ देत नाही आणि बैठकीवरून सुटल्यावर होणारं मरण टाळायला मदत करतो.

या तपासणीबद्दल नीट सांगणं मला फार गरजेचं वाटतं, कारण लोक तिच्यावर नको तिथे विसंबतात. रक्तात मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा साधारणपणे ठीक धरतात. पण रोगाच्या सुरुवातीला तो बहुधा वाढलेला नसतो, म्हणून ‘सीईए नॉर्मल आला, कर्करोग नाही’ हे म्हणणं चूक आहे. उलट बाजूने, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो कर्करोगाशिवायही थोडा वर असतो. तेंदूपत्ता आणि विडीवर ज्या भागातल्या हजारो घरांच्या चुली पेटल्या, तिथे हे डॉक्टरांनी विचारायला हवं आणि रुग्णाने लपवू नये. या तपासणीचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतरचा. गाठ काढल्यावर आकडा खाली आला आणि मग दर तीन ते सहा महिन्यांनी पाहताना पुन्हा चढू लागला, तर कुठेतरी पेशी रुजत असल्याची ती पहिली सूचना असू शकते. अशा वेळी यकृतातली एखादी लहान गाठ हाती लागली तर ती काढता येते, आणि असे काही रुग्ण पुढे बरे होऊन वर्षानुवर्षं जगतात.

यकृतच का? पाण्याच्या वाटेमुळे. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांतून पाटाने पाणी सोडलं की पाटाला लागून असलेली बांधी आधी भरते. मोठ्या आतड्याचं रक्त प्रतिहारी शिरेने थेट यकृतात जातं, हृदयाकडे नंतर. त्यामुळे वाहत निघालेली पेशी आधी यकृताच्या बारीक वाहिन्यांमध्ये अडकते. गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त दुसऱ्या वाटेने जातं, म्हणून तिथला रोग फुप्फुसात जास्त जातो. पण वाट एवढंच कारण नाही. १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शेकडो नोंदी पाहून म्हटलं होतं की बी सगळीकडे उधळलं जातं, उगवतं मात्र मानवणाऱ्या मातीतच. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही.

मातीत धरण्याचं काम पुन्हा आसंजक रेणूच करतात, आणि इथे त्यांची बाजू बदलते. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर साखरेच्या खास साखळ्या असतात. त्यांतलीच एक सीए १९-९ या नावाने तपासणीत मोजतात. रक्तवाहिनीच्या अस्तरावरचे सिलेक्टिन नावाचे रेणू त्या साखळ्यांना पकडतात, वाहती पेशी काठाशी रेंगाळते. मग इंटेग्रिन हे दुसऱ्या जातीचे रेणू तिला खालच्या बैठकीत घट्ट धरतात. एलवनकॅम हा मुळात मज्जातंतूंच्या वाढीतला रेणू आतड्याच्या गाठीच्या घुसणाऱ्या कडेला आणि पसरणाऱ्या पेशींवर सापडतो. ई-कॅडहेरिनचा जोड सुटला की तो वर येतो आणि नव्या जागी पेशीला उभं करतो. शेवटची गोष्ट तर विलक्षण आहे. यकृतात गाठ जमली की पुष्कळदा ई-कॅडहेरिन परत येतं. पेशी पुन्हा एकमेकींना धरतात आणि यकृताच्या मधोमध आतड्याच्या खळग्यांसारखी रचना उभी करतात. पिवळं पडलेलं रोप पुन्हा हिरवं झालं. जो रेणू टाकून पेशी निघाली, तोच तिला वसायला लागतो.

म्हणून ‘हे रेणू चांगले की वाईट’ हा प्रश्न औषध शोधणाऱ्यांना महागात पडला. एपकॅम नावाचा रेणू आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर भरपूर असतो. त्याच्याविरुद्धचं एक प्रतिपिंड, एड्रेकोलोमॅब, जर्मनीत १९९५ मध्ये मान्य झालं. १८९ रुग्णांच्या आधीच्या चाचणीत मृत्यू कमी झालेले दिसले होते. मग अडीच हजारांहून जास्त रुग्णांची चाचणी झाली आणि २००२ मध्ये उत्तर आलं: नेहमीच्या औषधांपेक्षा काही फायदा नाही. ते औषध मागे पडलं. एपकॅमचा उपयोग निदानात मात्र झाला. रक्तातून वाहणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्याच्या आधारे पकडून मोजता येतात. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात साडेसात मिलिलिटर रक्तात तीन किंवा जास्त पेशी सापडल्या तर पुढचा मार्ग कठीण असतो. एवढ्या रक्तात तांबड्या पेशीच काही हजार कोटी असतात, आणि त्यांत या तीन.

इतकी यंत्रं नसतानाही सुटण्याची ही खूण डोळ्यांनी दिसते. काढलेल्या गाठीची काच पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि घुसणाऱ्या कडेला गाठीपासून सुट्या झालेल्या पेशी, एकट्या किंवा चारपर्यंतच्या झुंडीत, मोजतात. अहवालात याला ट्युमर बडिंग लिहितात. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे जगभरच्या तज्ज्ञांनी मोजायची रीत ठरवली: ०.७८५ चौरस मिलिमीटर जागेत चारपर्यंत असल्या तर कमी, पाच ते नऊ मध्यम, दहा किंवा पुढे जास्त. नव्या रसायनाची गरज नाही, नेहमीच्या रंगवलेल्या काचेवर हे होतं. लहान गावातून नागपूरला पाठवलेल्या काचेवरही होतं. अहवाल हातात आला की हा शब्द शोधावा आणि नसेल तर डॉक्टरांना विचारावं, असं मी आवर्जून सांगेन.

सुटलेपणाचं सर्वांत कठोर रूप म्हणजे सिग्नेट रिंग प्रकार. पेशीत बुळबुळीत म्युसिन इतकं भरतं की केंद्रक एका कडेला दाबलं जातं आणि पेशी मुद्रेच्या अंगठीसारखी दिसते. या पेशी एकमेकींना धरतच नाहीत, एकेकट्या पसरतात. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार शंभरात एखादा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत तो १३ टक्के होता, आणि सगळ्या रुग्णांचं सरासरी वय ४७ होतं. टाटात गंभीर रुग्ण जास्त येतात हे धरूनही हा फरक लहान नाही. आपल्याकडे हा रोग म्हाताऱ्यांचा म्हणून बाजूला टाकता येत नाही.

त्याच पाहणीतलं सर्वांत जास्त आढळलेलं लक्षण म्हणजे शौचावाटे रक्त. आणि आपल्या गावात शौचावाटे रक्त म्हटलं की एकच शब्द येतो, मूळव्याध. लाजेपोटी माणूस घरातही बोलत नाही. बोलला तर कोणीतरी पुडी सुचवतं, कोणीतरी धागा बांधणाऱ्याचा पत्ता देतं, आणि रोवणी, निंदण, कापणी असे हंगाम निघून जातात. रक्त मूळव्याधीचंही असू शकतं, बहुधा असतंही. पण ते ठरवायला डॉक्टरांनी बोटाने तपासावं लागतं. दोन मिनिटांचं काम, आणि गुदाशयातल्या कितीतरी गाठी त्या बोटालाच लागतात. शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, किंवा पुरुषाला काही कारण नसताना रक्त कमी झालं, तर दुर्बिणीची तपासणी हवी. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय तिथे आहे, एम्स आहे. रोवणीच्या दिवसांत एक दिवस मोडणं किती कठीण हे मला माहीत आहे. पऱ्हे वाफ्यात असेपर्यंतच जाता आलं, तर काढायला एकच वाफा असतो.